सर्कशीतला वाघ आणि आजची बालकथा

आज आठ-दहा वर्षांच्या असलेल्या मुलाला भारतातल्या कुठल्याही सर्कशीत वाघ पाहायला मिळत नाही. त्याच्या आईवडिलांनी लहानपणी तो पाहिलेला असू शकतो. आजीआजोबांनी तर वाघ, सिंह, सायकल चालवणारे अस्वल आणि फ्रॉक घातलेले माकड हे सगळे एकाच तिकिटात पाहिले. तरीही वह्यांच्या मुखपृष्ठांवर, वाढदिवसाच्या सजावटीत आणि बडबडगीतांच्या पुस्तकांत चेंडूवर उभा असलेला हत्ती अजून आहे. प्रत्यक्षातला प्राणी तंबूतून गेला, पण त्याचे चित्र मागे राहिले. अशा वेळी मुलांसाठी सर्कशीतल्या प्राण्यांची गोष्ट लिहायची की नाही, लिहायची तर कोणाच्या नजरेतून आणि शेवट काय करायचा, हा वाद गेली काही वर्षे जगभर चालू आहे. मराठीला तो परका वाटण्याचे कारण नाही, कारण भारतीय सर्कस जन्मली तीच मुळी मराठी मुलखात.

कुरुंदवाड ते सर्वोच्च न्यायालय

विष्णुपंत छत्रे हे कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानिकांच्या पदरी असलेले घोड्यांचे जाणकार. इटलीच्या ज्युसेप्पे कियारिनीची सर्कस भारतात आली, तिचे खेळ पाहून त्यांनी आपली सर्कस काढायचे ठरवले आणि १८८० साली ग्रेट इंडियन सर्कस उभी राहिली. विष्णुपंतांना गाण्याचेही तितकेच वेड होते. उस्ताद रहिमत खाँ यांना त्यांनी सांभाळले, आणि हे थोर गवई सर्कशीबरोबर गावोगाव हिंडले. पुढे म्हैसाळच्या देवलांची सर्कस नावारूपाला आली. केरळात तलश्शेरीला कीलेरी कुन्हिकण्णन यांनी १९०१ साली सर्कशीचे शिक्षण देणारी शाळा काढली, आणि कसरतपटू पुरवणारा प्रांत म्हणून केरळचे नाव झाले. बंगालमध्ये प्रियनाथ बोस यांची ग्रेट बेंगॉल सर्कस होती, तिच्यात सुशीलासुंदरी वाघांबरोबर खेळ करीत.

पुण्याचे दामू धोत्रे हे या परंपरेतले जगप्रसिद्ध नाव. मामाच्या सर्कशीतून सुरुवात करून ते अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्सपर्यंत पोचले. त्यांच्या आयुष्यावरचे ‘वाघ सिंह माझे सखे सोबती’ हे पुस्तक मराठी घरांतल्या कितीतरी मुलांनी मोठ्यांच्या कपाटातून काढून वाचले. ते मुलांसाठी लिहिलेले नव्हते, तरी सर्कशीबद्दलच्या मराठी बालकल्पनेला त्याने बराच आकार दिला, असे मला वाटते. शीर्षकातच एक भूमिका आहे: प्राणी हा शत्रू नाही आणि गुलामही नाही, तो सोबती आहे. ही भूमिका खरी की सोयीची, हाच पुढे वादाचा गाभा झाला.

कायद्याची वाट हळूहळू बदलली. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या खासगी विधेयकाने चालना दिली आणि १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. कोणत्या प्राण्यांचे खेळ करता येणार नाहीत हे ठरवण्याचा अधिकार त्याच्या कलम २२ने केंद्र सरकारला दिला. तो प्रत्यक्ष वापरायला तीस वर्षे लागली. १९९१च्या अधिसूचनेला सर्कसमालकांनी न्यायालयात आव्हान दिले. १९९८ साली नव्याने अधिसूचना निघाली, तिच्यात अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह होते. केरळ उच्च न्यायालयाने २००० साली आणि सर्वोच्च न्यायालयाने १ मे २००१ रोजी ती कायम ठेवली. २०११मध्ये यादीत बैलाची भर पडली. हत्तींचे खेळ मात्र २००१नंतरही काही वर्षे चालू होते.

इतरत्रही हेच वारे होते. बोलिव्हियाने २००९ साली पाळीव आणि जंगली अशा दोन्ही प्राण्यांना सर्कशीत मनाई केली. रिंगलिंगने २०१६मध्ये हत्ती थांबवले, २०१७मध्ये तंबूच गुंडाळला, आणि २०२३ साली ती सर्कस प्राण्यांशिवाय परत आली. इंग्लंडने जंगली प्राण्यांसाठी २०१९मध्ये कायदा केला. जर्मनीच्या रोनकाली सर्कशीने प्राण्यांच्या जागी प्रकाशाच्या त्रिमितीय प्रतिमा आणल्या.

आणखी एक निकाल बालकथेच्या संदर्भात क्वचितच आठवला जातो. १८ एप्रिल २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्याविरुद्ध आदेश दिला. घरातून पळून सर्कशीत सामील होणारा मुलगा हा या कथाप्रकाराचा लाडका नायक. भारतात आज तो नायक बालमजूर ठरतो. प्राण्यांचा प्रश्न गाजला, मुलांचा तितका नाही. लिहिणाऱ्याला दोन्ही एकत्रच विचारात घ्यावे लागतात.

कथा कायद्याच्या पुढे होत्या

सर्वसाधारण समज असा की जुन्या गोष्टींत सर्कस म्हणजे निव्वळ आनंद आणि नव्या गोष्टींत निव्वळ दुःख. वाचायला बसल्यावर हा समज टिकत नाही.

चेखवची ‘काश्तान्का’ १८८७ची. वाट चुकलेली एक कुत्री सर्कशीच्या विदूषकाच्या घरी येते. तो तिला पोटभर खायला घालतो, नवे नाव देतो, मायेने खेळ शिकवतो. जुना मालक सुतार दारू पिऊन शिव्या देणारा, आणि त्याचा मुलगा मांसाचा तुकडा दोरीला बांधून तिला गिळायला लावायचा आणि मग ओढून काढायचा. तरी पहिल्याच खेळात प्रेक्षकांतून जुन्या मालकाची हाक ऐकू येताच ती रिंगण सोडून त्यांच्याकडे धावते. चेखव कोणाला बरोबर ठरवत नाही. सर्कस वाईट म्हणून ती पळत नाही, आणि घर चांगले म्हणूनही नाही. सगळी गोष्ट कुत्रीच्या नाकाने आणि कानाने सांगितली आहे, त्यामुळे माणसांची नीती तिच्यात शिरूच शकत नाही. या विषयावर लिहू पाहणाऱ्याने पहिल्यांदा हीच कथा वाचावी, असे मी सांगेन.

कुप्रिनच्या ‘हत्ती’मध्ये कसलीच गोडी न उरलेल्या आजारी मुलीला खरा हत्ती हवा असतो. वडील प्राण्यांचे खेळ करणाऱ्याकडून तो मिळवतात, रात्री जिन्यावरून घरात आणतात, आणि मुलगी बरी होते. गोष्ट अतिशय कोवळी आहे. आजचा वाचक मात्र तिथे एक प्रश्न विचारतो, जो कुप्रिनच्या काळात कोणी विचारला नसता: मुलीला हत्तीने बरे केले, पण हत्तीला जिन्यावर काय वाटले?

तो प्रश्न तावातावाने विचारला जॅक लंडनने. ‘मायकेल, ब्रदर ऑफ जेरी’ ही कादंबरी त्याच्या मृत्यूनंतर १९१७ साली आली. प्राण्यांना खेळ शिकवताना पडद्याआड काय चालते याचे तिच्यातले वर्णन आजही वाचवत नाही. प्राण्यांचा खेळ सुरू झाला की उठून बाहेर पडा, असे त्याने प्रस्तावनेत वाचकांना सांगितले, आणि १९१८पासून जॅक लंडन क्लबांच्या नावाने हजारो लोक तसे करू लागले. एका पुस्तकाने प्रेक्षकांना जागेवरून उठवले, असे उदाहरण विरळा.

ह्यू लॉफ्टिंगने पहिल्या महायुद्धात आघाडीवर घोड्यांचे हाल पाहिले आणि तिथून मुलांना लिहिलेल्या पत्रांत डॉक्टर डूलिटल जन्मला. १९२४च्या सर्कशीच्या भागात डॉक्टर सोफी नावाच्या सीलला बाईचे कपडे घालून पळवतो, समुद्रात सोडतो आणि बाईचा खून केला म्हणून पकडला जातो. पण लॉफ्टिंग सर्कस मोडत नाही. बेइमान मालक पळून गेल्यावर डॉक्टर ती चालवतो आणि प्राण्यांचे मत घेऊन सुधारतो. या सुधारणावादी धाग्याचे सौम्य रूप एनिड ब्लायटनच्या गॅलियानो सर्कशीत दिसते. १९३८पासूनच्या त्या मालिकेत जिमी आणि त्याची कुत्री लकी सुखाने तंबूत राहतात. प्राण्यांना मारणारा माणूस तिथे खलनायक असतो, सर्कस मात्र कधीच नसते.

आणि ‘डम्बो’. १९४१च्या चित्रपटात हत्तीच्या पिल्लाची चेष्टा करणाऱ्यांवर आई धावून जाते आणि तिला पिसाळलेली म्हणून साखळदंडात टाकतात. मुलांच्या कितीतरी पिढ्या त्या प्रसंगाला रडल्या. शेवटी काय होते? डम्बो उडायला शिकतो, सर्कशीचा तारा होतो, आईला रेल्वेचा खास डबा मिळतो. २०१९च्या टिम बर्टनच्या चित्रपटात हीच मायलेकरे जंगलात परत जातात आणि सर्कस प्राण्यांशिवाय चालू लागते. ७८ वर्षांत झालेला बदल समजून घ्यायला हे दोन शेवट शेजारी ठेवणे पुरेसे आहे.

आजच्या भूमिका

पहिली भूमिका नवलाचा पक्ष घेणाऱ्यांची. तंबू, बँड, घाईघाईने गाव गाठणाऱ्या गाड्या, ज्यांना कुठे घर नाही त्यांचे एकत्र कुटुंब या सगळ्यांतून मुलांना धैर्य आणि परक्यांबद्दल आपुलकी मिळते, असे ते म्हणतात. दामू धोत्र्यांसारख्या माणसांचे प्राण्यांशी असलेले नाते खोटे नव्हते, ते पुसून टाकणे हा त्यांच्यावर अन्याय आहे, हेही त्यांचे म्हणणे. त्याला वजन आहे. आपल्या सिंहावर जीव असलेला सर्कसमालक मायकेल मोर्पर्गोच्या ‘बटरफ्लाय लायन’मध्ये आहे, आणि तो पटतो.

दुसरी भूमिका प्राण्याची बाजू मांडणाऱ्यांची. पशूला रिंगणात माणसासारखे वागताना दाखवून आपण मुलाला हसायला शिकवतो, म्हणजे दुसऱ्याच्या लाचारीवर हसायला शिकवतो, असा त्यांचा मुद्दा. कॅथरिन ॲपलगेटच्या ‘द वन अँड ओन्ली आयव्हन’ला २०१३चे न्यूबेरी पदक मिळाल्यापासून या भूमिकेला मोठे बळ आले. आयव्हन हा खरा गोरिला. अमेरिकेतल्या टकोमा शहरातल्या एका बाजारसंकुलात त्याने २७ वर्षे काढली आणि १९९४ साली तो अटलांटाच्या प्राणिसंग्रहालयात गेला. कादंबरीत तोच बोलतो, तुटक, छोट्या वाक्यांत. त्याची मैत्रीण स्टेला ही सर्कशीतून आलेली म्हातारी हत्तीण, तिचा पाय सडतो आणि ती मरते. मालक मॅक राक्षस नाही. तो कर्जात बुडत चाललेला सामान्य माणूस आहे, आणि म्हणूनच पुस्तक अधिक बोचते.

या वाटेवर एक अडचण मात्र सारखी येते, ती शेवटाची. पिंजरा उघडला, वाघ जंगलात गेला, गोष्ट संपली. हा शेवट मुलांना आवडतो, लेखकालाही सुटल्यासारखे वाटते. पण तो बहुधा खरा नसतो. तंबूत जन्मलेल्या जनावराला शिकार येत नाही आणि माणसाची भीती नसते, त्यामुळे त्याला जंगलात सोडताच येत नाही. २००१नंतर आपल्याकडच्या सर्कशींतले सिंह विशाखापट्टणम, तिरुपती, बन्नेरघट्टा अशा ठिकाणच्या बचाव केंद्रांत गेले. त्यांतले बरेच आशियाई आणि आफ्रिकी रक्ताच्या मिश्रणातून झालेले, म्हणून त्यांची वीण होऊ द्यायची नाही असे ठरले. ते तिथेच म्हातारे झाले आणि त्यांच्याबरोबर ती पिढी संपली. अ‍ॅपलगेटने आयव्हनला जंगलात नेले नाही, गवत, ऊन आणि दुसरे गोरिला असलेल्या बंदिस्त जागेत नेले. तिचा प्रामाणिकपणा तिथे आहे.

तिसरी भूमिका कल्पनेच्या स्वातंत्र्याची. गोष्टीतला हत्ती हा हत्ती नसतोच, तो टोपी घातलेले मूल असते, आणि चार वर्षांच्या वाचकालाही हे कळते, असे या लेखकांना वाटते. डॉ. स्यूसच्या १९५६च्या पुस्तकातली सर्कस अशीच, तिच्यातले प्राणी पृथ्वीवर नाहीतच. मराठीत विंदा करंदीकरांनी ‘राणीची बाग’मध्ये प्राण्यांना माणसांचे रुसवेफुगवे दिले, आणि १९७५ साली त्यांचा ‘सर्कसवाला’ आला. या कवितांवर बंदीची तराजू घेऊन बसणे मला चुकीचे वाटते. मात्र याच भूमिकेतला कच्चा दुवाही दिसतो. कल्पनेतले प्राणी नवे असतील तर प्रश्न येत नाही, पण सायकलवरचे अस्वल कोणीतरी खरेच वेसण घालून उभे केले होते. ती कल्पना नव्हती, आठवण होती.

चौथी भूमिका सगळ्यांत उशिरा आली आणि सगळ्यांत कमी लिहिली गेली: तंबूतल्या माणसांची. प्राण्याच्या सुटकेच्या गोष्टीत चाबूकवाला वाईट असावाच लागतो. पण बंदीनंतर त्याचे काय झाले? माहूत, अस्वलवाले दरवेशी, माकडवाले हे कोण, कुठून आले, त्यांच्या मुलांनी पुढे काय केले? एनसीईआरटीच्या पाचवीच्या परिसर अभ्यासात अनेक वर्षे असलेला सापगारुड्याचा धडा याचे उत्तम उदाहरण. त्यात गारुड्याच्या घरातला मुलगा बोलतो, सापांवरचे प्रेम सांगतो, औषधांची माहिती सांगतो, आणि कायद्यामुळे धंदा कसा बंद पडला तेही सांगतो. साप पकडणे बरोबर की चूक याचा निकाल धडा देत नाही, मुलांना विचारतो. कलंदर समाजाच्या हातातली शेवटची नाचती अस्वले २००९च्या सुमारास बचाव केंद्रांत गेली आणि त्या कुटुंबांना दुसरी कामे शोधावी लागली. त्या घरातल्या मुलीच्या नजरेतून लिहिलेली गोष्ट अस्वलाच्या बाजूचीही असू शकते आणि बापाच्या बाजूचीही.

मराठीत काय आहे

फार नाही, हे सरळ म्हणायला हवे. विंदांच्या कविता, दामू धोत्र्यांचे पुस्तक, मासिकांतल्या फुटकळ गोष्टी. मुलांसाठीच्या बंगाली कथेत मात्र एक मराठी आडनाव सापडते. सत्यजित राय यांच्या १९७८च्या ‘छिन्नमस्तार अभिशाप’ या फेलूदाकथेत हजारीबागला सर्कशीतून सुलतान नावाचा वाघ सुटतो, आणि त्याचा शिक्षक करंडीकर असतो. सर्कशीचा माणूस म्हटला की मराठी आडनाव, हे बंगाली लेखकालाही सहज वाटले. वाघ आणि करंडीकर यांचे नाते रायांनी आदराने लिहिले आहे.

मराठी बालसाहित्य गेल्या काही दशकांत घर, गल्ली आणि शाळेकडे वळले. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ किंवा ‘यश’ ही पुस्तके त्याची उत्तम फळे. प्राण्यांचे कुतूहल पुरवण्याचे काम दुसऱ्याच पुस्तकांनी केले. विलास मनोहरांचा ‘नेगल’ आणि प्रकाश आमट्यांचे ‘रानमित्र’ यांत हेमलकशाचे बिबटे आणि अस्वले माणसांबरोबर राहतात, पण टाळ्यांसाठी काही करून दाखवत नाहीत. दामू धोत्र्यांचा ‘सोबती’ हा विचार इथे तंबूबाहेर आला. अर्थात, जंगली जनावर माणसाच्या अंगणात असावे का, हा प्रश्न तिथेही उरतोच.

जुन्या पुस्तकांचे काय करायचे

२०२३ साली रोआल्ड डालच्या पुस्तकांतले शब्द बदलल्यावरून पफिनवर टीका झाली आणि मूळ आवृत्त्याही छापत राहू असे प्रकाशकांना जाहीर करावे लागले. तो वाद प्राण्यांचा नव्हता, पण सर्कशीच्या पुस्तकांवरही त्याची सावली पडली. सर्कशीच्या गोष्टी बदलाव्यात, टीप जोडावी की तशाच ठेवाव्यात? बदलाच्या बाजूने बोलणारे म्हणतात की लहान मूल काळाचा संदर्भ लावू शकत नाही. विरुद्ध बाजू म्हणते की शब्द बदलल्याने लेखकाचे युगच खोटे होते. शिक्षकांचा एक मोठा गट मधली वाट धरतो: पुस्तक तसेच वाचायचे, आणि वाचून झाल्यावर मुलांना बोलू द्यायचे. मला ही वाट पटते. ‘डम्बो’चे दोन शेवट दाखवून तिसरीच्या मुलांना कुठला खरा वाटतो ते विचारले, तर कुठल्याही टिपेपेक्षा अधिक चर्चा होते.

न सुटलेले

पहिला गुंता रेषेचा. सर्कशीतला बैल २०११ला यादीत गेला, शर्यतीतला बैल २०१४च्या निकालाने थांबला आणि आज २०२३च्या घटनापीठाच्या निकालाच्या आधारे धावतो आहे. गावाकडच्या मुलाने बैलगाडा शर्यत पाहिलेली असते, पोळ्याला बैलाची पूजाही केलेली असते. त्याला सर्कशीतल्या बैलाची गोष्ट सांगताना लेखक ही रेषा कुठे ओढणार, आणि ओढूच नये काय, यावर एकमत नाही.

दुसरा गुंता प्रेमाचा. जुलै २०२५मध्ये शिरोळ तालुक्यातल्या नांदणी मठाची महादेवी ऊर्फ माधुरी ही हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने गुजरातेतल्या वनतारा या प्राणी केंद्रात नेण्यात आली. गावकरी रडले, मोर्चे निघाले. तिच्या आरोग्याचा, साखळीचा आणि एकटेपणाचा मुद्दा खरा होता, आणि जिच्या अंगाखांद्यावर पिढ्या वाढल्या तिच्याबद्दलची माया हीही खरी होती. हा तोच शिरोळ तालुका, ज्यात कुरुंदवाड आहे. या घटनेवर मुलांसाठी गोष्ट लिहायची तर गावकऱ्यांना मूर्ख ठरवून चालणार नाही आणि हत्तिणीच्या पायांकडे डोळेझाक करूनही चालणार नाही. दोन प्रकारच्या प्रेमांचा झगडा मुलांना समजत नाही, असे मानणारे लेखक मुलांना कमी लेखतात.

तिसरा गुंता आठवणीचा. ज्यांनी वाघाला खायला घातले, हत्तीला आंघोळ घातली, तंबूच्या दोऱ्या ताणल्या, ती माणसे सांगली-मिरजेच्या गावांत आणि तलश्शेरीत आज म्हातारी आहेत. लेखक त्यांच्याशी न बोलता लिहील तर त्याच्या हातात इंग्रजी चित्रपटांतला चाबूक आणि परदेशी पुस्तकांतला तंबू येईल. बोलून लिहील तर कदाचित त्याला न आवडणाऱ्या गोष्टीही ऐकाव्या लागतील, माराच्या आणि मायेच्या, एकाच माणसाच्या तोंडून. बालमासिकांच्या संपादकांनी तरुण लेखकांना अशा घरांपर्यंत पाठवण्याची सोय केली, तर पुढच्या चार-पाच वर्षांत हे साहित्य गोळा होऊ शकेल, त्यानंतर ते सांगणारे फारसे उरणार नाहीत.